बाळंतपणानंतर कंबरेतून पायात उतरणारी कळ : अंगावर पाजणाऱ्या आईने काय करायचं, काय टाळायचं

इंदूरच्या मराठी घरात बाळंतिणीची कंबर धरली की तीन उत्तरं तयार असतात. आजी म्हणते, वात भरलाय, शेक घे. शेजारच्या भाभी म्हणतात, नस पे नस चढ गई होगी, मालिशवाली को बुलाओ. आणि मेडिकलवाला गोळ्यांची एक पट्टी काउंटरवर ठेवून सांगतो, ले लो, पर दूध मत पिलाना. तिघांचाही हेतू चांगला. पण आई मात्र पाय ओढत, बाळाला एका हाताने सांभाळत, तशीच.

मी डॉक्टर नाही. सिझेरियननंतर उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत जाणारी ही कळ, म्हणजे सायटिका, मी काढली आहे आणि त्यातून चांगली बाहेर पडले आहे. त्या काळात कुणी क्रमाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे जे वाटलं ते इथे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. नवं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. तेवढ्या वेळा आपण कसं बसतो, कसं वाकतो, कसं उचलतो हे बदललं नाही तर ना गोळी पुरते ना मालिश. आणि दूध बंद करावं लागेल अशी वेळ या दुखण्यात फार क्वचित येते.

१. पुढचं काही वाचण्याआधी : कधी थांबायचं नाही

खालीलपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा.

- लघवी अडली आहे, किंवा झालेली कळत नाही. शौचावर ताबा राहिलेला नाही. दोन्ही मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली आहे. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण असू शकते. हे तासांचं काम आहे, उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही. १०८ ला फोन करा, किंवा कण्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा. इंदुरात एम.वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय चोवीस तास उघडं असतं.
- पाऊल वर उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटते, किंवा पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होते आहे.
- एकच पोटरी सुजली आहे, गरम आणि लाल आहे, दाबली की दुखते. हे सायटिका नसून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो. अशा पोटरीला तेल लावून चोळायचं अजिबात नाही. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी.
- ताप आणि पाठदुखी एकत्र. लघवीला जळजळ आणि बरगडीखाली एका बाजूला दुखत असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो.
- रात्री पडल्यावरही न थांबणारं दुखणं, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो, तो डॉक्टरांनी तपासून बाजूला काढायला हवा.
- वाकताना किंवा काही उचलताना पाठीत एकदम कट्कन झालं आणि उभंच राहता येईना. गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात क्वचित हाडं इतकी ठिसूळ होतात की मणका दबतो.

लघवीबद्दल एक सांगते. प्रसूतीनंतर थोडी गळती अनेकींना होते, खोकताना, शिंकताना. ती वेगळी. इथे बोलतोय ते अचानक आलेल्या बधिरपणाबद्दल आणि लागल्याची जाणीवच न होण्याबद्दल. लाजून गप्प बसू नका, सासूबाईंसमोर बोलायचं नसेल तर नवऱ्याला बाजूला घेऊन सांगा.

२. दुखतंय कुठे, ते बोटाने दाखवता आलं पाहिजे

बाळंतपणानंतरचं प्रत्येक कंबरदुखणं सायटिका नसतं. डॉक्टरकडे जाण्याआधी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा.

सायटिकाची कळ बहुधा एकाच पायात असते. कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत वीज सळसळावी तशी जाते. खोकलं, शिंकलं, शौचाला जोर केला की वाढते. मुंग्या येतात, पायाची एखादी बाजू बधिर लागते. आयुर्वेदात हिलाच गृध्रसी म्हणतात.

कंबरेच्या मागे, जिथे खळगी पडते तिथे एका बाजूला दुखतंय, कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना जीव जातो, पण कळ गुडघ्याखाली उतरत नाही? मग बहुतेक ओटीपोटाच्या हाडांचा सांधा धरला आहे. गरोदरपणात शरीरातल्या हार्मोन्समुळे सांध्यांचे बंध सैल होतात आणि ते पूर्ववत व्हायला काही महिने जातात. हे सायटिकापेक्षा जास्त दिसतं, आणि घरोघरी त्यालाच सायटिका म्हणून मोकळे होतात.

बसल्यावर अगदी तळाशी, माकडहाडात दुखत असेल तर ते तिसरं. नुसती मांडीची बाहेरची बाजू बधिर आणि चुरचुरती, कंबरेत काही नाही, तर ते चौथं : तिथली कातडीची नस जांघेत दाबली गेलेली असते आणि बहुधा आपोआप सुटते. घट्ट पट्टा आणि घट्ट नाडी सोडा.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. भिंतीला हात लावून आधी टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर. दुखणाऱ्या पायाने यांतलं एक जमत नसेल तर ताकद कमी झाली आहे. तसं असेल तर वेळ न घालवता दाखवा.

आणि हो, पाठीतल्या सुईचं. 'सिझरची सुई दिली तेव्हापासून पाठ गेली' हे वाक्य रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत ऐकायला मिळतं. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, हे खरं. पण महिनोन्महिने चालणारी पाठदुखी सुईमुळे होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नॉर्मल डिलिव्हरीवाल्यांचीही पाठ तेवढीच दुखते. बसलं की डोकं फुटतं आणि आडवं पडलं की थांबतं, असं पहिल्या काही दिवसांत झालं तर मात्र ते सुईशी संबंधित असू शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा.

३. पाजायची बैठक : सगळ्यात आधी हे

आपण काय करतो? पलंगाच्या मधोमध मांडी घालतो, पाठीला काही नाही, बाळ मांडीवर, आणि स्तन बाळाच्या तोंडाशी नेण्यासाठी कमरेतून पुढे वाकतो. मान खाली, खांदे पुढे, वीस मिनिटं. उठताना कळ पायात उतरली की मग गोळी शोधतो.

बाळाला आपल्याकडे आणायचं, आपण बाळाकडे जायचं नाही. एवढं जमलं तरी खूप. त्यासाठी :

हात असलेली, सरळ पाठीची खुर्ची घ्या. सोफा नको, त्यात कंबर आत जाते, आणि रात्री बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणं बाळासाठी धोक्याचं आहे, ते अडकून गुदमरू शकतं. कुल्ले खुर्चीच्या पाठीला टेकेपर्यंत मागे सरका. कमरेच्या बाकात टॉवेलची गुंडाळी. पायांखाली स्वयंपाकघरातला लाकडी पाट, म्हणजे गुडघे कुल्ल्यांपेक्षा जरा वर येतात. ज्यांना बसल्यावरच पायात कळ येते त्यांनी पाट काढून पाय सपाट ठेवून बघावं. दोन्ही करून ज्यात पाय शांत राहतो ते धरा.

मांडीवर उशा. एक पुरत नाही, दोन लागतात, आणि त्या कडक हव्यात. मऊ कापसाची उशी दहा मिनिटांत बसते आणि आपण पुन्हा वाकतो. बाजारातली अर्धगोल फीडिंग पिलो चांगली, पण घडी घातलेली रजई तेच काम करते. बाळाचं नाक तुमच्या स्तनाग्रासमोर आलं पाहिजे, तुमची पाठ खुर्चीला टेकलेली असताना. तोंड मोठं उघडलं की हाताने त्याची पाठ जवळ ओढायची.

सिझेरियनवाल्यांनी बाळाला काखेखालून धरून पाहावं, त्याचे पाय आपल्या पाठीकडे. टाक्यांवर भार येत नाही.

रात्रीसाठी मला सर्वांत उपयोगी पडलं ते कुशीवर पडून पाजणं. दुखरी बाजू वर, गुडघे थोडे दुमडलेले, दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी, पाठीमागे लोड. बाळ आपल्याकडे तोंड करून, त्याची पाठ हाताने धरलेली. आपला हात त्याच्या डोक्याखाली नाही, आपल्या डोक्याखाली. दुसरं स्तन द्यायचं तर कूस न बदलता जरा पुढे कलंडूनही देता येतं. जमायला दोनचार दिवस लागतात. बाळाजवळ रजई, उशा नकोत, आणि पिऊन झालं की त्याला त्याच्या जागी ठेवा. आपल्या बाजेची निवार सैल असेल तर ती बाज या काळात वापरू नका. झोळीसारखी बाज आणि दुखरी कंबर यांचं जमत नाही.

घरच्यांना एक काम नेमून द्या : पाण्याचा तांब्या, फोन आणि पुसायचं फडकं खुर्चीच्या हातावर ठेवणं. अर्ध्या पाजण्यात वळून काही उचलणं, तेही बाळ मांडीवर असताना, हे कमरेला सर्वांत वाईट. वाकणं आणि पिळवटणं एकत्र.

४. न्हाणं, लंगोट, पाळणा

बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आपली पद्धत बघा. पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर सरळ लांब, बाळ नडग्यांवर पालथं, आणि आपण कमरेतून वाकून त्याला तेल चोळतोय, पाणी घालतोय. आता फिजिओथेरपिस्ट सायटिकाची नस ताणून बघायची असेल तर काय करायला लावतात? पाय सरळ लांब करून पुढे वाकायला. म्हणजे आपण रोज सकाळी अर्धा तास तीच परीक्षा देतो, वर बाळाचं वजन घेऊन.

म्हणून ही न्हाणी आजींना, न्हाऊ घालणाऱ्या बाईंना किंवा नवऱ्याला द्या. आजींची पाठही तशीच असेल तर प्लास्टिकचा टब ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर ठेवा आणि उभ्याने न्हाऊ घाला. एक हात सतत बाळावर. 'पायावर घेतल्याशिवाय बाळाचं अंग सुटत नाही' असं कुणी म्हणेल. वाद घालू नका, त्यांनाच पायावर घेऊ द्या.

लंगोट जमिनीवर सतरंजीवर बदलू नका. कमरेइतक्या उंचीच्या पलंगावर किंवा टेबलावर बदला, हात बाळावरून न काढता. पाळणा खोल असेल तर दांडीवरून वाकून बाळ काढताना कळ येते; गादी वर घ्या, पण बाळ हलायला लागलं की पुन्हा खाली. उचलताना आधी बाळाला छातीशी आणायचं, मग गुडघ्यांतून उठायचं.

मोरीत उकिडवं बसून कपडे धुणं आणि पोछा मारणं सध्या बंद.

बारशाच्या दिवशी मात्र हमखास घोळ होतो. जड साडी, पाटावर दोन तास, ओटी, पाया पडणं, येणाऱ्या प्रत्येकीच्या हातून बाळ घेणं-देणं. आधीच सांगून ठेवा की खुर्चीवर बसणार, आणि नमस्कार हात जोडून. एकदा मोठ्याने सांगितलं की कुणी फार बोलत नाही.

५. झोपणं-उठणं

पाठीवरून सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळा, गुडघे जुळवून, खांदे आणि कंबर एकदम. मग पाय खाली सोडा आणि हाताने रेटून उठा. टाके असोत नसोत, वर्षभर ही सवय ठेवा.

सव्वा महिना नुसतं पडून राहणं कमरेला उपयोगाचं नाही. फार कळ असेल तेव्हा एखादा दिवस आडवं पडा, पण नंतर घरातल्या घरात थोडं थोडं चालत राहा. सायटिका पडून राहिल्याने लवकर बरी होत नाही. हे आता जवळजवळ सगळेच डॉक्टर सांगतात.

६. गोळ्या : काय चालतं, काय नाही

दवा बाजारात काय, गल्लीतल्या मेडिकलवर काय, चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळतात, अडचण तिथेच आहे. 'कंबरदर्द की गोली' म्हणून जी पट्टी मिळते ती बहुतेक वेळा दोन-तीन औषधांची मिसळण असते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचा.

पॅरासिटामॉल : पाजणाऱ्या आईला चालतं. ५०० किंवा ६५० ची गोळी, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा.

आयब्युप्रोफेन : दुधात अगदी थोडं उतरतं, म्हणून पाजताना बहुधा हेच पसंत करतात. जेवणानंतर. ॲसिडिटीचा अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपणात वाढलेलं बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डायक्लोफेनॅकही डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात.

थायोकोल्चिकोसाइड : स्नायू सैल करणारं औषध. ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेली याची गोळी आपल्याकडे सर्रास देतात. पाजणाऱ्या आईने हे घेऊ नये. दुकानात पट्टी हातात आली की आधी हे नाव शोधा.

ट्रॅमाडॉल आणि कोडीन : नको. काही बायकांच्या शरीरात ही औषधं फार वेगाने बदलतात, दुधातून बाळापर्यंत जातात आणि बाळ सुस्त होऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे.

'नसों की ताकत' : या नावाखाली मिळणाऱ्या गोळीत कधी नुसतं बी-१२ असतं, कधी त्यात प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन घातलेलं असतं. नुसतं बी-१२ निरुपद्रवी, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं नवल नाही. प्रिगॅबालिनने मात्र झोप येते, आईला आणि क्वचित बाळालाही. डॉक्टरांनी विचार करून दिलं तरच.

ॲस्पिरिन वेदनेसाठी नको.

मलम, जेल, बाम : डायक्लोफेनॅकचं जेल कमरेला लावलं तर रक्तात फार थोडं जातं. लावून हात साबणाने धुवा, मगच बाळाला घ्या. स्तनाजवळ लावायचं नाही. कापूर असलेला बाम बाळाच्या नाकापासून आणि तोंडापासून लांब. कापूर तान्ह्या बाळाला विषारी आहे.

काढे आणि आसवं : बाळंतकाढा, दशमूलारिष्ट घरोघरी चालतात. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं थोडं अल्कोहोल असतंच. भस्मं आणि रसाच्या गोळ्या, म्हणजे पारा, शिसं यांचा संबंध असलेली औषधं, पाजताना घेऊ नका. आयुर्वेदच घ्यायचं असेल तर पुडी बांधून देणाऱ्याकडे न जाता लोकमान्य नगरच्या शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी वैद्यांना दाखवा आणि अंगावर पाजते आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

कुणी 'दूध बंद करा' म्हटलं तर उलट विचारा : कोणत्या औषधासाठी, किती दिवस, आणि त्याऐवजी पाजताना चालणारं दुसरं काही आहे का? माझ्या बाबतीत या प्रश्नावर एका ठिकाणी चिठ्ठी तिथल्या तिथे बदलून मिळाली. आधी विचार न करता लिहिली होती, एवढंच.

७. शेक, मालिश, पट्टा, आणि पायाळूची लाथ

शेक चांगला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. बधिर झालेल्या कातडीवर नको, भाजलेलं कळत नाही. शेगडी मात्र बंद खोलीत लावू नका, डिसेंबरच्या थंडीतही नाही. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता आई आणि बाळ दोघांना गुंगवतो. ओव्याची धुरी द्यायचीच असेल तर खिडकी उघडी, बाळ बाहेर.

मालिशीने बरं वाटतं, झोप लागते. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. मालिशवाल्या बाईंना आधीच स्पष्ट सांगायचं : अम्मा, पैर को झटका मत देना, टाँके के पास हाथ मत लगाना, पिंडली मत दबाना. हाड बसवणं, कडकड मोडणं, 'गोला बैठाना', सगळं नको. आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीत लाथ घ्यायची प्रथा अजून काही घरांत आहे. पायाळू मावशींना चहा पाजा आणि परत पाठवा.

पोटाला पट्टा किंवा सुती साडी बांधली की उठता-बसताना आधार वाटतो, टाके असतील तर खोकताना जास्तच. त्याने स्नायू बळकट होत नाहीत. काम करताना, चालताना बांधा, झोपताना सोडा.

८. डॉक्टरकडे : कोणाकडे आणि काय घेऊन

आधी ज्यांनी प्रसूती केली त्यांच्याकडे. त्यांना तुमचं बीपी, टाके, रक्त सगळं माहीत असतं. तिथून गरज पडली तर हाडांच्या डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपीला. खाजगी परवडत नसेल तर एम.वाय. रुग्णालयात हाडांची ओपीडी आहे. सरकारी ठिकाणी सकाळी लवकर जायचं, आणि सोबत एक माणूस बाळासाठी, एक रांगेसाठी.

पिशवीत हे ठेवा :

- प्रसूतीचा डिस्चार्ज कागद (भूल कोणती दिली ते त्यात असतं)
- माता-बाल सुरक्षा कार्ड
- आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), असेल तर आयुष्मान कार्ड
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, काढ्याच्या बाटलीसह
- जुने एक्स-रे, शुगर आणि थायरॉइडचे रिपोर्ट
- एका कागदावर माणसाची पाठमोरी आकृती आणि त्यावर पेनाने कळीची रेघ

ही शेवटची वस्तू पुण्या-नागपूरहून लग्न होऊन आलेल्यांना फार उपयोगी. दोन मिनिटांच्या ओपीडीत हिंदी शोधत बसायला नको. 'बिजली जैसा', 'झनझनाहट', 'सुन्न' एवढे शब्द पुरतात.

एक्स-रेने दुधाला काही होत नाही. काढून आल्यावर लगेच पाजा. एमआरआयचंही तसंच. कंबरेच्या एमआरआयला बहुधा रंगाचं इंजेक्शन लागत नाही, लागलंच तरी पाजणं थांबवायची गरज नसते. पण पहिल्याच भेटीत एमआरआयचा हट्ट धरू नका. बहुतेक सायटिका सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, आणि न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकलेली दिसते. रिपोर्टमधला 'डिस्क बल्ज' वाचून रात्रभर रडलेल्या बायका मला माहीत आहेत. ताकद कमी झाली असेल किंवा पहिल्या मुद्द्यातलं काही असेल तर मात्र एमआरआय लगेच.

९. व्यायाम

नॉर्मल डिलिव्हरी असेल तर हलके व्यायाम काही दिवसांत सुरू करता येतात. सिझेरियननंतर श्वास, घोटे हलवणं आणि चालणं लवकर. बाकीचं डॉक्टरांनी टाके बघून हो म्हटल्यावर, बहुधा सहा आठवड्यांनी. पाजून झाल्यावर करा, छाती हलकी असते आणि बाळ झोपलेलं असतं.

श्वास आणि पोट : उताणं, गुडघे उभे. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत ओढा आणि लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू वर घ्या. पाच आकडे, सोडा. दिसायला काहीच नाही, पण पाया हाच.

कंबर टेकवणं : त्याच स्थितीत कमरेचा बाक जमिनीला टेकवायचा, सोडायचा.

सेतू : कुल्ले हळू वर, खाली. कळ पायात उतरली तर थांबा.

मांजर-उंट : हातांवर-गुडघ्यांवर, पाठ हळू गोल, मग सपाट.

नस मोकळी करणं : खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा दुमडताना मान खाली. ताण धरून ठेवायचा नाही, ये-जा करायची. हा फिजिओने एकदा समोर करून घेतल्यावरच.

पोटाचे स्नायू मधून फाकलेत का ते बघा : उताणं पडून डोकं जरा उचला, बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवा. दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील, किंवा मध्ये टेकडीसारखा उंचवटा येत असेल तर फिजिओला सांगा. सिट-अप्स, दोन्ही पाय एकदम उचलणं आणि पुढे वाकून पावलं धरायची आसनं, तीनही तूर्त नकोत. योगाच्या वर्गातही हे आधी सांगा. पश्चिमोत्तानासन आणि सायटिका एका चटईवर बसत नाहीत.

एक गोष्ट उलटी वाटते म्हणून लिहिते. व्यायामाने पोटरीतली कळ वर सरकून कंबरेत गोळा झाली तर कंबर जास्त दुखली तरी ते सुधारण्याचं लक्षण आहे. कळ खाली पावलाकडे जायला लागली तर तो व्यायाम बंद.

१०. पोट साफ ठेवणं, आणि लाडू

लोहाच्या गोळीने पोट धरतं, जोर करावा लागतो, आणि जोर केला की पायात कळ. पाणी, भाज्या, रात्री इसबगोल. इसबगोल पाजताना चालतं. भारतीय संडासात उकिडवं बसणं जमत नसेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा.

सरकारी कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस लोह आणि कॅल्शियम दोन्हीच्या गोळ्या देतात. दोन्ही एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर. डिंक, अळीव, मेथीचे लाडू खा, दूध-दही-नाचणी-तीळ खा. लाडवाने सायटिका जात नाही, पण भुकेल्या आईची कंबरही बरी होत नाही.

आणि झोप नाही, कळ थांबत नाही, सतत रडू येतं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालंय, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर कमरेच्या डॉक्टरांनाही सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन मोफत लागतो.

११. घराबाहेर पडताना

स्कूटरवर मागे एका बाजूला पाय टाकून, बाळ मांडीवर, हे काही महिने नको. बसणं वाकडं, आणि आपले स्पीडब्रेकर तर माहीत आहेतच. ई-रिक्षाचे गचकेही तसेच. लसीकरणाला जाताना कार किंवा ऑटो, आणि कमरेमागे तीच टॉवेलची गुंडाळी. स्वतः स्कूटर चालवायची तर आधी ती मुख्य स्टँडवर न चढवता नुसत्या बाजूच्या स्टँडवर लावायची सवय करा. स्टँडवर ओढताना बसणारा हिसका पायात थेट जातो.

बाळाला कडेवर घेताना नेहमी एकाच बाजूला घेतो आणि कंबर बाहेर काढतो. समोर छातीशी बांधायची झोळी बरी, दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेली, बाळाचं तोंड-नाक उघडं दिसेल अशी.

ऑफिसला परत जाणार असाल तर अर्ध्या तासाला एकदा उठायचं, आणि दूध काढायच्या जागेत टेबलाजवळ पाठीची खुर्ची आहे का ते आधीच विचारून ठेवा. स्टुलावर पुढे वाकून पंप केलं तर तिसऱ्या मुद्द्यातल्या सगळ्यावर पाणी सोडलंच म्हणा.